'चक्र' (१९८१) बद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न, आणि त्या पोस्टरचं काय ते एकदाचं

कुणी ना कुणी हा सिनेमा नव्याने बघतं आणि मला विचारतं, आणि प्रश्न तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. शेवट सांगितलेला आहे, त्यामुळे ज्यांना आधी बघायचाय त्यांनी आधी बघून या. (तसा शेवट पहिल्या वीस मिनिटांत कळतोच म्हणा.)

हा नक्की कुठला 'चक्र'?

रवींद्र धर्मराज यांचा हिंदी सिनेमा, १९८१ चा. जयवंत दळवींच्या १९६३ च्या मराठी कादंबरीवरून केलेला. स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, कुलभूषण खरबंदा, रणजीत चौधरी. निर्माते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर, म्हणजे ज्यांनी दोन वर्षांनी 'अर्धसत्य' काढला तीच जोडी.

गोष्ट काय आहे थोडक्यात?

गावात सावकार अम्मावर हात टाकतो, नवरा त्याला मारून टाकतो, मग दोघं पोराला घेऊन मुंबईला पळतात. इथे झोपडी उभी करायला पत्रा हवा म्हणून नवरा पत्रा चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. एका पत्र्यापायी! हे सगळं सुरुवातीलाच उरकून टाकलंय, कारण सिनेमाला खरा रस आहे तो त्यानंतरच्या अम्मात. तिचा पोरगा बेनवा मोठा होतो, वस्तीतला दल्ला आणि भुरटा दादा लुका त्याला देवासारखा वाटतो. अम्माचं लुकाशी जमलेलं असतं आणि अण्णा नावाच्या ट्रक ड्रायव्हरशीही. अण्णा येऊन-जाऊन असतो पण आला की पैसे देतो, त्याच्याबरोबर थोडं स्थिर आयुष्य दिसतं तिला. बेनवाचं अमलीशी लग्न होतं, इकडे अम्मालाही अण्णापासून दिवस जातात. मग लुका परत येतो तो गुप्तरोगाने आणि नशेने सडलेला, औषधासाठी केमिस्टच्या जिवावर उठून पळालेला, आणि लपायला येतो तो अम्माच्याच झोपडीत. पोलीस येतात, लुकाला आणि बेनवाला मारत नेतात, त्या गोंधळात अम्माचं पोट पडतं. आणि शेवटी बुलडोझर.

वाद झाला तो कशावरून?

अंघोळीवरून. दुसरं काय.

सिनेमात अम्मा उघड्यावर अंघोळ करते असा सीन आहे. झोपडपट्टीत बायका अंघोळ करतात ती उघड्यावर, नाहीतर साडीचा आडोसा लावून, नाहीतर पहाटे अंधार असताना, कारण झोपडीत मोरी नसते, आणि असली तरी पाणी बाहेर असतं. हे मुंबईत लोकलच्या खिडकीत बसणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय आणि बघून मान फिरवलीय, किंवा नाही फिरवलेली. सिनेमात तो सीन ह्या सगळ्याच्या मधे येतो, आजूबाजूला वस्ती चालू असते, कुणाला त्याचं काही विशेष नसतं. पण सिनेमा विकायची वेळ आली तेव्हा नेमकं तेच चित्र उचललं आणि पोस्टरवर लावलं. म्हणजे वस्ती गेली, गर्दी गेली, आडोसा नसणं हा जो मुद्दा होता तोच गेला, उरली फक्त ओली बाई. आणि ती स्मिता पाटील.

मला विचाराल तर वाद सिनेमावर झालाच नाही, पोस्टरवर झाला, आणि आजही जे लोक 'चक्र म्हणजे तो...' म्हणून हसतात त्यातल्या बऱ्याच जणांनी सिनेमा बघितलेला नसतो. मी कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमधल्या एकाने कुठूनतरी सीडी आणली, आठ-दहा जण बसलो, आणि त्याने रिमोट घेऊन थेट तोच सीन लावला, मग पुढे ढकलत ढकलत शेवट. पंधरा मिनिटांत 'बघून झाला'. मी तेव्हा काही बोलले नाही ह्याची मला अजून लाज वाटते. पूर्ण सिनेमा मी नंतर एकटीने बघितला.

पण मग तो सीन हवाच होता का? नसता तरी चाललं असतं ना?

हा प्रश्न रास्त आहे आणि ह्याचं माझं उत्तर दर वेळी थोडं बदलतं. गोष्ट पुढे सरकायला त्याची गरज नाही, कबूल. पण ही गोष्ट ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती म्हणजे ह्या लोकांकडे भिंत नाही, दार नाही, आणि ते दाखवायचं तर कुठेतरी असं काहीतरी दाखवावंच लागणार जे आपण दार लावून करतो. कॅमेरा तिथे गरजेपेक्षा दोन क्षण जास्त थांबतो का? मला वाटतं हो, थांबतो. दिग्दर्शकाची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण हीच फ्रेम पोस्टरसाठी कापून काढता आली ह्याचा अर्थ ती कापून काढण्यासारखी होती. हे मान्य करून पुढे गेलेलं बरं, 'कलात्मक आहे, तुम्हाला कळत नाही' असं म्हणून समोरच्याला गप्प करणं मला आवडत नाही.

स्मिता पाटीलला ह्याचं काय वाटलं?

ती ह्यावर मुलाखतीत स्पष्ट बोललीय. झोपडपट्टीतल्या बाईचं उघड्यावर अंघोळ करणं हे तिथलं रोजचं आहे, पण ते पोस्टरवर लावून प्रेक्षक खेचायचे हा वितरणवाल्यांचा धंदा, आणि नटाच्या हातात ते नसतं, असा तिचा सूर होता. वैताग दिसतो बोलण्यात.

इथे एक लक्षात घ्या, ती काही भोळी नवखी मुलगी नव्हती. 'भूमिका'साठी आधीच राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, घर शिवाजीराव आणि विद्याताई पाटलांचं म्हणजे राजकारण-समाजकारण रोज जेवणाच्या ताटात, स्वतः दूरदर्शनवर बातम्या दिलेल्या. 'चक्र'च्या वेळी ती मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधे जाऊन बसायची. त्यामुळे अम्मा पाणी कसं भरते, उकिडवी कशी बसते, पदर कधी खोचते आणि कधी मुद्दाम सोडते, हे बघत राहावं असं आहे. चालणं तर बघाच.

आणि हा किस्सा मला फार आवडतो: तिच्या मुलाचं काम करणारा रणजीत चौधरी जन्माला आला सप्टेंबर १९५५ मधे, ती ऑक्टोबर १९५५ मधे. म्हणजे पोरगा आईपेक्षा महिनाभर मोठा! आणि बघताना एकदाही खटकत नाही.

अम्मा चांगली बाई आहे की वाईट?

हा प्रश्न लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. दोन पुरुष एकाच वेळी कसे, पोराच्या लग्नाच्या वयात गरोदर कशी, लुकासारख्या माणसाला घरात का घेते, वगैरे.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न विचारताना आपण आपल्या फ्लॅटमधे बसलेलो असतो. आपल्याकडेही भानगडी असतात हो, पण आपल्याकडे बेडरूमला कडी असते, शेजाऱ्याला आवाज गेला तरी दिसत काही नाही, आणि चार लोकांत आपण इभ्रतदार म्हणून फिरतो. अम्माच्या झोपडीत पोरगा, सून, आई आणि आईचा माणूस हे सगळे हाताच्या अंतरावर झोपणार. तिथे झाकून ठेवायला जागाच नाही. मग जे आपल्याकडे 'खासगी' असतं तेच तिच्याकडे 'लफडं' होतं, कृत्य तेच, फक्त चौरस फूट कमी. दळवींनी हे ओळखलं आणि धर्मराजनी ते तसंच ठेवलं हे ह्या सिनेमाचं मोठं काम आहे, बाकी अवॉर्ड वगैरे ठीक आहे.

आणि दुसरं, अम्मा बिचारी नाहीये. तिला अण्णा आवडतो त्याच्या पैशासाठी आणि अण्णासाठीसुद्धा, दोन्ही खरं आहे. लुकावर जीव आहे तोही खोटा नाही. ती नटते, हसते, भांडते, शिव्या देते. गरीब बाई पडद्यावर आली की ती एकतर देवी असते नाहीतर नाइलाजाने 'वाममार्गाला' लागलेली असते, आणि तिला स्वतःला काही हवंसं वाटणं आपल्याला झेपत नाही. अंघोळीच्या सीनपेक्षा हे जास्त झोंबलं असणार लोकांना असा माझा संशय आहे, पण 'बाईला भूक आहे' ह्यावर तक्रार करता येत नाही, अंघोळीवर करता येते.

शिक्षा मिळते का तिला? पोट पडतं, पोरगा जातो, घर जातं. पण सिनेमा असं म्हणत नाही की वाईट वागली म्हणून झालं. चांगली वागली असती तरी बुलडोझर त्याच दिवशी आला असता.

लुकाला हिरो केलंय असं वाटत नाही का?

सुरुवातीला वाटतं, आणि वाटायलाच हवं, कारण आपण त्याला बेनवाच्या डोळ्यांनी बघतो. वस्तीत ज्याच्याकडे चार पैसे आहेत, बऱ्यापैकी कपडे आहेत आणि जो पोलिसांना घाबरत नाही तोच पोरांचा आदर्श होणार ना, शाळामास्तर थोडाच होणार. मग तोच माणूस नंतर जसा परत येतो तो बघवत नाही. नसीरला ह्यासाठी फिल्मफेअर मिळालं, आदल्या वर्षी 'आक्रोश'साठी मिळालं होतं, आणि दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्यात ह्यावर विश्वास बसत नाही.

कादंबरी आधी वाचू की सिनेमा आधी बघू?

कादंबरी आधी. सिनेमा हिंदीत आहे आणि हिंदी बरीच बम्बइया केलेली असली तरी दळवींच्या मराठीतली जी खरखर आहे ती त्यात उतरत नाही.

दळवी म्हणजे मजेदार माणूस. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' नावाने मराठी लेखकांची भरपूर टिंगल करणारे, आणि हाच माणूस 'चक्र' लिहितो, नंतर 'महानंदा' लिहितो. बाई, शरीर आणि समाजाची नीती हे त्यांच्या लिखाणात परत परत येतं. तेव्हाचं वातावरण पण बघा, 'चक्र' आली १९६३ ला, दोनच वर्षांनी भाऊ पाध्येंची 'वासूनाका' आली आणि अश्लील अश्लील म्हणून केवढा धुरळा, अत्र्यांनी तर तिच्यावर तोफच डागली होती. म्हणजे मुंबईच्या खालच्या थरावर लिहिलं की आधी 'घाण' म्हणायचं ही रीत सिनेमाच्या आधीपासूनची आहे.

एक टीका मात्र मला पटते. १९६३ लाच बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की कळतं, बागुल आतून लिहितायत आणि दळवी बाहेरून, बारकाईने आणि माणुसकीने, पण बाहेरून. बागुलांकडे जात हा गाभा आहे, 'चक्र'मधे ती जवळपास बोललीच जात नाही, सगळं गरिबीच्या नावावर जातं. सिनेमात तर आणखीनच. झोपडपट्टीत कोण राहतं हा प्रश्न न विचारता झोपडपट्टी दाखवली की काहीतरी राहून जातं.

परदेशात गरिबी विकली असा आरोप होतो त्याचं काय?

१९८१ ला लोकार्नोच्या फेस्टिव्हलमधे ह्याला गोल्डन लेपर्ड मिळाला, तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार. आणि हा आरोप तेव्हा हवेतच होता. नर्गिस १९८० मधे राज्यसभेवर गेल्यावर सत्यजित राय परदेशात भारताची गरिबी दाखवून नाव कमावतात असं म्हणाल्या होत्या, त्यावर बरीच जुंपली होती. त्याच काळात स्वित्झर्लंडमधे झोपडपट्टीच्या सिनेमाला बक्षीस, म्हणजे आयतंच कोलीत.

माझं मत विचाराल तर, गरिबी विकली गेली हे खरं, पण ती लोकार्नोत कमी आणि इथल्या थिएटरबाहेरच्या पोस्टरवर जास्त विकली गेली. देशाची बदनामी होते म्हणणाऱ्यांना त्या पोस्टरने होणारी बदनामी दिसत नव्हती का, की ती देशांतर्गत म्हणून चालते?

झोपडपट्टी खरी आहे की सेट?

कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्तांचं आहे, 'पथेर पांचाली'पासून रायांबरोबर काम केलेले. त्यांना 'चक्र'साठी फिल्मफेअर मिळालं. झोपडपट्टीला आर्ट डायरेक्शनचं अवॉर्ड हे ऐकून लोक हसतात, पण कुठला पत्रा किती गंजलेला, कुठल्या फटीत काय खोचलेलं, दोन झोपड्यांत किती बोळ, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं आणि तुम्हाला ते ठरवलेलं वाटत नाही, तेच तर काम. १९८१ मधेच ते गेले.

धर्मराज यांचे बाकीचे सिनेमे कुठले?

नाहीत. 'चक्र' हा एकच कथापट, आणि तो आला त्याच सुमाराला ते गेले. तरुण होते. पुढे काय केलं असतं कुणास ठाऊक, पण पोस्टरवर उत्तर द्यायलाही दिग्दर्शक उरला नाही, सगळं स्मिताच्याच अंगावर आलं.

गाणी आहेत का?

संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आहे. गाणी बघायला म्हणून जाऊ नका.

स्मिताला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार ह्याच्यासाठीच ना?

हो, आणि फिल्मफेअरसुद्धा. म्हणजे ज्या सिनेमावरून नाकं मुरडली गेली त्यालाच सरकारी आणि बाजारी दोन्ही अवॉर्ड. आपल्याकडे असं चालतं.

आई-बाबांबरोबर बसून बघता येईल?

तुमच्या आई-बाबांवर आहे. माझ्या आईने बघितला, अंघोळीच्या सीनला काहीच बोलली नाही, पण पोट पडतं तिथे उठून आत गेली आणि नंतर एवढंच म्हणाली की आम्ही चाळीत होतो तेव्हा पण रात्री नऊ नंतर संडासला जायचं म्हणजे सोबत लागायची. लहान मुलांना मात्र नको. मारहाण आहे, नशा आहे.

शेवटचा बुलडोझर जरा फिल्मी नाही का वाटत? खरंच असं व्हायचं?

फिल्मी वाटतो कारण सगळी संकटं एकदम येतात. पण बुलडोझर बिलकुल फिल्मी नाही, आणि ह्यावर मी थोडं लांबण लावणार आहे.

महाराष्ट्रात झोपडपट्टीचा कायदा आला १९७१ ला. १९७६ ला झोपड्यांची गणना झाली, ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाले. फोटोपास असेल तर तुम्ही 'होता', तोडलं तर निदान पर्यायी जागा मागता येणार. ज्यांची नोंद नाही, किंवा जे फुटपाथवर राहतात, ते सरकारच्या हिशोबात नव्हतेच. मग १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवून द्यायचं. जुलैमधे! भर पावसात झोपड्या तोडल्या आणि लोकांना बसमधे घालून शहराबाहेर सोडलं. म्हणजे ज्या वर्षी 'चक्र'ला लोकार्नोत बक्षीस मिळालं त्याच वर्षी त्याचा शेवट मुंबईत रस्त्यावर चालू होता.

ह्यावर पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, १० जुलै १९८५ ला निकाल दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, म्हणजे घटनेचं कलम २१. हा भाग सगळे सांगतात, अभ्यासाच्या पुस्तकात पण असतो. पुढचा भाग कमी सांगतात: फुटपाथवर राहायचा हक्क कुणाला नाही, महापालिका कायद्याचं कलम ३१४ वैध आहे, शक्यतो नोटीस द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि मग हटवा. निकाल महान आहे हे मी मान्य करते, कारण तो पुढे अनेक ठिकाणी कामाला आला, पण ज्यांच्यासाठी केस होती त्यांना त्यातून मिळाला तो एक पावसाळा.

त्यामुळे 'चक्र' बघताना बुलडोझर म्हणजे दिग्दर्शकाने शेवटाला लावलेलं प्रतीक आहे असं समजू नका. ते प्रतीक नाही, ती महापालिकेची गाडी आहे.

आज जुना वाटतो का?

काही ठिकाणी हो. वस्तीतली सगळीच पात्रं काहीतरी 'भयंकर' करत असतात, नुसतं बसून चहा पिणारं कुणी नाही, आणि खऱ्या वस्तीत लोक बराच वेळ नुसते बसलेले असतात, क्लासला जातात, मेणबत्त्या विकतात, पत्ते खेळतात. दुःखाचा ढीग जरा जास्त होतो. पण अम्मा आणि बेनवा एकमेकांकडे न बघता बोलतात ते सीन अजिबात जुने नाहीत, एका खोलीत राहणारी आई आणि वयात आलेला पोरगा, दोघांनाही सगळं माहितीये आणि दोघंही ते बोलत नाहीत. हे कुणीही, कुठल्याही वन रूम किचनमधे वाढलेला माणूस ओळखेल.

पुढे अम्माचं काय झालं असेल?

हे मला दोन जणांनी विचारलं, आणि सिनेमा काही सांगत नाही, नाव 'चक्र' आहे म्हणजे परत कुठेतरी पत्रा, परत कुठेतरी झोपडी असं समजायचं. पण मी एकदा बसून विचार केला. १९७६ च्या गणनेला तिच्या झोपडीवर कुणी आलं असतं तर दारात नवरा नाही, ट्रक ड्रायव्हर घरी नाही, लुका समोर येणार नाही, पोरगा उंडारायला गेलेला. नाव कुणाचं लिहायचं विचारल्यावर ती काय म्हणाली असती? तिच्याकडे फोटोपास असेल असं मला वाटत नाही.